पाठीमागचा दिवा

कंदील घेऊन रात्री गोठ्याकडे निघालेला माणूस त्या कंदिलाच्या उजेडात आपली वाट पाहत असतो. दीपस्तंभाच्या रखवालदाराचे तसे नसते. तो रात्रभर दिवा जागता ठेवतो, पण त्या दिव्याने त्याची स्वतःची वाट कधीच उजळत नाही. काही दिवे आपल्याला दिसावे म्हणून असतात आणि काही आपण दिसावे म्हणून. हा भेद तसा उघड आहे. पण पहिल्या प्रकारच्या दिव्याची काळजी घ्यायला माणसाला कोणी शिकवावे लागत नाही आणि दुसऱ्या प्रकारच्या दिव्यासाठी मात्र कायदा करावा लागतो, हे माझ्या ध्यानात आले ते इंग्लंडमधील एका मोटारदुरुस्तीच्या गॅरेजमध्ये.

गेल्या हिवाळ्यात मी मुलाकडे लीड्सला होतो. त्या गावी डिसेंबरात चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. त्यामुळे दिवा हा तेथे रात्रीचा नव्हे, दुपारचाच सोबती असतो. मुलाच्या मोटारीची वार्षिक परीक्षा होती आणि काही काम नसल्याने मीही बरोबर गेलो. या परीक्षेला तिकडे सारे 'एम. ओ. टी.' म्हणतात. ही तीन अक्षरे 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट' या खात्याच्या नावाची. त्या नावाचे खाते केव्हाच लोपले. परीक्षेला मात्र त्याचे नाव चिकटून राहिले आहे. अर्नेस्ट मार्पल्स हे दळणवळणमंत्री असताना १९६० साली ती सुरू झाली. तेव्हा दहा वर्षांहून जुन्या मोटारींपुरतीच ती होती आणि तपासायचे ते ब्रेक, सुकाणू व दिवे एवढेच. १९६७ पासून मोटार तीन वर्षांची झाली की दरसाल ही परीक्षा द्यावी लागते. उत्तर आयर्लंडात मात्र चार वर्षांची सवलत आहे.

मुलगा फोनवर बोलत बाहेर उभा होता, म्हणून परीक्षकाने मलाच चालकाच्या जागी बसवले आणि आपण मोटारीच्या मागे जाऊन उभा राहिला. "ब्रेक दाबा," "सोडा," "डावे वळण," "उजवे वळण," असे हुकूम मागून येत होते आणि तीस वर्षे विद्यार्थ्यांना हुकूम सोडलेला मी ते निमूटपणे पाळत होतो. मी दाबलेल्या ब्रेकने मागे काय उजळत होते, ते मला दिसत नव्हते. ज्याच्या हातात दिवा आहे त्याला तो दिसत नाही आणि ज्याला दिसतो त्याच्या हातात तो नाही! म्हणूनच मागे उभे राहून पाहणारा एक तिऱ्हाईत माणूस लागतो. या परीक्षेतील दिव्यांच्या प्रकरणाचे सारे मर्म मला या एका गोष्टीत आहे असे वाटते.

ते प्रकरण बारकाव्यांनी भरलेले आहे. वळण दाखवणारा दिवा मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. १ एप्रिल १९८० नंतर रस्त्यावर आलेल्या मोटारीला मागे धुक्याचा तांबडा दिवा हवा आणि तो मध्यभागी किंवा उजव्या अंगालाच हवा. २०१८ पासून दोषांचे किरकोळ, मोठा आणि धोकादायक असे वर्ग पाडले आहेत. पुढचा मोठा दिवा लागत नसला तर तो मोठा दोष आणि मोटार नापास. पण ब्रेकचे सगळेच्या सगळे दिवे बंद असले तर तो दोष धोकादायक ठरतो आणि दुरुस्तीवाचून गाडी रस्त्यावर नेणे गुन्हा होतो. चालकाला ज्या दिव्याचा कवडीचाही उपयोग नाही, त्याला कायद्याने एवढे महत्त्व दिलेले पाहून माझे मन एकदम वीस वर्षे मागे गेले.

माझा धाकटा भाऊ कोल्हापूरकडे एका शाळेत शिक्षक होता. जानेवारीतल्या एका रात्री तो मोटारसायकलवरून घरी परतत होता. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे भडक होते, त्याचे डोळे दिपले, आणि पुढच्याच क्षणी रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तो आदळला. ट्रॉलीच्या पाठीमागे दिवा नव्हता, तांबड्या काचेचा एक तुकडासुद्धा नव्हता. पुढे पोलीसचौकीत ट्रॅक्टरवाल्याची गाठ पडली. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, दिवे होते की माझे! मला लांबवर रस्ता दिसत होता." त्या वाक्याचा मला तेव्हा भयंकर संताप आला. आज येत नाही. तो खोटे बोलत नव्हता. त्याचे दिवे खरोखरच चालू होते. मागून आपण कसे दिसतो, हे पाहायला त्याला उभ्या आयुष्यात कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

दुसऱ्याला न दिसण्याची किंमत खुद्द इंग्लंडनेही एकदा मोजलेली आहे. १९३९ च्या सप्टेंबरात शत्रूच्या विमानांच्या भीतीने तेथे सक्तीचा अंधार आला. मोटारींच्या दिव्यांवर झापडे चढली, विजेरीलासुद्धा पातळ कागद गुंडाळावा लागला आणि पदपथांच्या कडा पांढऱ्या रंगवाव्या लागल्या. पेट्रोल नियंत्रित झाले होते, तरी १९४१ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. त्याच्या आधी वा नंतर कोणत्याही एका वर्षात तेथे इतके बळी पडलेले नाहीत.

पण अंधार मारतो तसा उजेडही मारतो, आणि माझ्या भावाच्या बाबतीत तर दोघांनी संगनमत केले होते. म्हणून परीक्षकाने मोटारीपुढे भिंगाची पेटी सरकवून खालच्या झोताची दिशा मोजायला घेतली, तेव्हा मी खाली उतरून ते जवळून पाहिले. तेथेही आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात, म्हणून झोताची चढती कड डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, असावी लागते. युरोपातून आणलेल्या मोटारीचा झोत उजवीकडे चढतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तसा झोत नापास. जुन्या हॅलोजन दिव्याच्या घरात हौसेने नव्या तऱ्हेचा झगझगीत बल्ब बसवला, तर बहुतेक मोटारी त्यावरही नापास होतात. आपल्याला अधिक दिसावे म्हणून दुसऱ्याला आंधळे करण्याचा अधिकार कोणालाही नाही, एवढेच ही भिंगाची पेटी सांगत असते.

हा कायदा हटवादी आहे असेही नाही. १९३६ पूर्वीच्या मोटारीला तो ब्रेकचा दिवा मागत नाही. एखाद्याने मोटार केवळ दिवसाउजेडी, हवा स्वच्छ असतानाच चालवायची ठरवून तिचे दिवे कायमचे काढून टाकले, तर तीही उत्तीर्ण होऊ शकते! सूर्य सर्वांना सारखाच दाखवतो. तो असेपर्यंत कायदा आपला दिवा मागत नाही. सूर्य गेला की मात्र परस्परांना दिसण्याची जबाबदारी आपली.

मुलाची मोटार उत्तीर्ण झाली. नंबरपाटीवरच्या दोन दिव्यांपैकी एक गेला होता; त्याची किरकोळ दोष म्हणून नोंद झाली. परीक्षेचे शुल्क ५४ पौंड ८५ पेन्सांहून अधिक घेता येत नाही. पण तेवढेही मुलाला जड वाटले आणि वाटेत तो थोडा कुरकुरला. मी काही बोललो नाही. त्याने काकाला फक्त फोटोत पाहिले आहे.

तरीही हे प्रमाणपत्र बोलते ते त्या एका दिवसापुरतेच. दुसऱ्या दिवशी बल्ब गेला तर ते काय करणार? उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मोटारीमागे परीक्षक उभा नसतो. तेव्हा मालकानेच क्षणभर आपली जागा सोडून मागे जावे लागते. तेथून आपले पुढचे दिवे दिसत नाहीत, आपली वाट दिसत नाही. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला आपण कसे दिसू, एवढेच दिसते. चार पावलांचा हा फेरा. त्यासाठी कायदा असावा हे ठीकच. पण कायद्याआधीच जो तो घालतो, त्याच्या मागून आपल्या घरचे माणूस येत असावे असे मला वाटते.