चावी, पट्टी, कळ

आमच्या थोरल्या काकांना कोलाड नाक्यावर सगळे ‘कीमन’ म्हणायचे. बरीच वर्षं मला ते त्यांचं टोपणनावच वाटायचं. काका मध्य रेल्वेत, कर्जतच्या बाजूला नोकरीला होते. महिन्यातून एकदा एसटीनं घरी यायचे. तेव्हा आमच्याकडे ना रूळ होते ना स्टेशन.

पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि ‘की म्हणजे किल्ली’ पाठ झालं. काका आल्यावर मी विचारलं, “तुमच्याकडे कुठल्या कुलपाची किल्ली असते?” काका हसले. “आमची चावी कुलपाची नाय रं, रुळाची.” मग चुलीतला कोळसा घेऊन त्यांनी ओट्यावर चित्र काढलं. खाली लोखंडी स्लीपर, त्याला दोन जबडे, मधे रूळ. रूळ आणि जबडा यांच्यात फट राहते, तिथे एका टोकाला निमुळता लोखंडी तुकडा ठोकून बसवायचा. तीच चावी. खरं तर पाचरच ती. गाड्यांच्या हादऱ्यानं ती सैल होते, म्हणून कीमननं रोज पहाटे हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी घेऊन आपल्या हद्दीतला सहा-सात किलोमीटर रूळ चालायचा आणि ढिली दिसेल ती ठोकायची. दुहेरी मार्गावर गाडी ज्या दिशेला जाते त्याच दिशेनं ठोकायची, म्हणजे रूळ सरकला तरी ती आवळतच जाते. “बघायला लागत नाय,” काका म्हणाले. “घट्ट चावी टण् बोलते, ढिली थप् बोलते.”

किल्लीनं उघडतं, एवढंच तोवर मला ठाऊक होतं. काकांची चावी रुळाला धरून ठेवायची.

दुसरी की भेटली ती देवळात. एकादशीच्या भजनात पेटीवर बुवा बसायचे आणि मी त्यांच्या शेजारी. एका रात्री एका हौशी गायकानं भलताच वर सूर लावला. अंतऱ्याला त्याचा आवाज फाटला आणि टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. बुवा भाता न थांबवता म्हणाले, “पट्टी उतरव. पांढरी चार तुला झेपणार नाय, काळी दोनवर ये.” पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. ज्या पट्टीवर गवय्यानं आपला सा धरला, ती त्याची पट्टी. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन असं मोजत जायचं. इंग्रजीत पेटीची पट्टी हीही की आणि गाण्याची पट्टी हीही की, हे मला पुढे कळलं. गंमत म्हणजे मराठीतही दोन्हींना एकच शब्द आहे, फक्त तो किल्ली नाही. इंग्रज ज्याला कीनोट म्हणतात तो आपला सा. तो एकदा बसला की बाकीचे सहा सूर आपापल्या जागी बसतात, आणि तो सुटला तर भजनाचं काय होतं ते मी त्या रात्री ऐकलंच होतं. बुवांची बोटं बघताना मला काकांचा हातोडा आठवला होता. कोणाला सांगायची मात्र सोय नव्हती.

कारण शाळेत ‘की’ या शब्दानं माझी फजिती केली होती. आठवीत एका उताऱ्यात नकाशाची की होती. मी बेधडक ‘नकाशाची किल्ली’ लिहिलं. गुरुजींनी तो पेपर वर्गात मोठ्यानं वाचला आणि विचारलं, “नकाशाला कुलूप कुणी लावलं रे?” वर्ग लोळून हसला. भूगोलाच्या पुस्तकात त्याला सूची म्हणतात हे मला माहीत होतं, पण इंग्रजीच्या तासाला भूगोल कोण आठवतो! आज वाटतं, मी अगदीच चुकलो नव्हतो. निळी रेघ म्हणजे नदी आणि आडव्या बारीक रेघा मारलेली काळी ओळ म्हणजे लोहमार्ग, हे कुणी सांगितल्याशिवाय नकाशा बंदच असतो की. आणि आपणही यशाची, परीक्षेची ‘गुरुकिल्ली’ म्हणतोच. तिथे कुलूप कुणी विचारत नाही.

काका चावी म्हणायचे, आई किल्ली म्हणायची. एका घरात दोन शब्द कसे, हा उलगडा बऱ्याच उशिरा झाला. किल्लीचं नातं संस्कृतातल्या कीलाशी, म्हणजे खिळ्याशी, पाचरीशी. चावी आली पोर्तुगिजांच्या ‘शाव्ह’वरून, आणि त्या शब्दाचं मूळ लॅटिन ‘क्लाविस’. आमच्या कोलाडवरून वाहणारी कुंडलिका रोह्यापुढे खाडी होऊन रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. त्या मुखाशी 1740 पर्यंत पोर्तुगीज होते आणि कोर्लईतली काही कुटुंबं आजही पोर्तुगीज-मराठी मिसळलेली त्यांची बोली घरात बोलतात. पाश्चात्त्य स्वरलिपीत ओळीच्या सुरुवातीला जे वळणदार चिन्ह असतं त्याला क्लेफ म्हणतात. तोही शब्द फ्रेंचमार्गे त्याच क्लाविसचा. म्हणजे काकांची चावी आणि पियानोवाल्यांचं ते चिन्ह ही चुलत भावंडं निघाली. आणि किल्लीच्या मुळाशी पाचर असेल, तर रुळात पाचर ठोकणारे काका दोन्ही शब्दांना जागत होते.

बारावीनंतर मी रोह्याला टायपिंगच्या क्लासला जायचो, मिनिटाला तीस शब्दांची मराठी परीक्षा द्यायला. मराठी यंत्रावर भ, ख, घ, थ ही अक्षरं एका दाबात उमटत नाहीत. आधी अर्धा भ, मग काना, तेव्हा कुठे भ पुरा होतो. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, “कळ चेपू नका, टिचका मारा.” कळ! तोवर या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. कळ दाबायची, कळफलक, कळसूत्री बाहुली, कळीचा मुद्दा. इंग्रजीतली की जिथे जिथे हिंडते, तिथल्या निम्म्या जागा आमच्या कळीनं आधीच धरलेल्या. आणि वर दुखण्याचीही कळ असतेच, ती सोसायची.

या दोन्ही कळा आमच्या नदीत एकत्र आहेत. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून मंडळी राफ्टिंगला येतात आणि सकाळी काठावर होड्या घेऊन पाण्याची वाट बघतात. वर टाटांचं भिऱ्याचं वीजघर आहे, 1927 पासूनचं. तिथे कुणी कळ दाबली, जनित्रं फिरली, की मुळशीच्या धरणातलं पाणी घाट उतरून कुंडलिकेत येतं आणि नदी भरते. होड्यांतल्या पोरांना एवढंच सांगतात. त्या धरणात जमिनी गेलेल्या मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह सुरू केला, पुढे सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. ती कळ ज्यांनी सोसली त्यांचं नाव काठावर निघत नाही.

1993 मध्ये कोकण रेल्वेचा रोहे ते वीर टप्पा सुरू झाला आणि कोलाडला स्टेशन आलं. रोह्यानंतरचं कोकण रेल्वेचं पहिलंच स्टेशन. काका नुकतेच निवृत्त झाले होते. सकाळी उठून मला घेऊन निघाले, नवा रूळ बघायला. फाटकापाशी ते वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. काँक्रीटचे स्लीपर, आणि रुळाला धरून बसलेली पिळदार पोलादी क्लिप. “ह्याच्यात चावीच नाय रं,” काका म्हणाले. त्यांनी एक दगड उचलला, क्लिपवर हलकेच मारून बघितला आणि कान दिला. “बोलते पण,” एवढंच म्हणून घराकडे वळले.

26 जानेवारी 1999 पासून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला मालट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढून जायला लागले. काका संध्याकाळी ते बघायला जात. चालक केबिनमध्ये पाय पसरून बसलेला, इंजिन बंद, चावी खिशात, आणि ट्रक निघाला गोव्याला. काकांना त्याचं फार हसू यायचं.

काका आता नाहीत. त्यांचा हातोडा पडवीत खुंटीला आहे. रुळातल्या चाव्या गेल्या, क्लिपा आल्या, तरी रोज पहाटे हातोडा घेऊन रूळ चालणाऱ्या माणसाला रेल्वेत अजून कीमनच म्हणतात. कोकणात जाताना रोहे सोडलंत की खिडकीतून बघा. रुळाच्या कडेला झेंडी धरून, गाडीला वाट देऊन उभा असलेला माणूस दिसेल. त्याला हात करा.