नाक मोडलं तर लग्न कसं होणार?



जयंतीच्या नियोजनाची बैठक विहारात चालू होती. तेवढ्यात वस्तीतली एक मुलगी आईला घेऊन आली. दहावीला आहे, बॉक्सिंग खेळते. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी ग्लोव्हज आणि गाडीभाडं हवं होतं. भाषणात सावित्रीमाईंचं नाव घेतल्याशिवाय न थांबणारा आमचाच एक कार्यकर्ता म्हणाला, "अगं, नाक मोडलं तर लग्न कसं होणार?" आम्ही हसलो. सगळेच हसलो. आई म्हणाली, "बघा दादा, जमलं तर." दोघी निघून गेल्या. त्याच बैठकीत आम्ही डीजेची सुपारी मंजूर केली.

हाच प्रश्न मणिपूरमध्ये एका बापानेही विचारला होता. मेरी कोम ही चुराचांदपूर जिल्ह्यातल्या कांगाथेई गावची, कोम या अनुसूचित जमातीतली. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. शाळेत असताना ती धावायची, भालाफेक करायची. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत मणिपूरच्याच डिंको सिंगने बॉक्सिंगचं सुवर्ण जिंकलं, आणि तिला आपली वाट दिसली. इंफाळला जाऊन तिने सराव सुरू केला, पण घरी सांगितलं नाही. २००० साली ती राज्य स्पर्धा जिंकली. वर्तमानपत्रात फोटो छापून आला तेव्हा वडिलांना कळलं. ते स्वतः तरुणपणी कुस्ती खेळलेले. तरी पोरीचा चेहरा बिघडला तर लग्न जमणार नाही, याचीच त्यांना काळजी.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे तिने रौप्य मिळवलं. २००२ मध्ये तुर्कस्तानात सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये मात्र पुरुषांचं बॉक्सिंग १९०४ पासून, आणि स्त्रियांना दार उघडलं २०१२ मध्ये! तोपर्यंत ती पाच वेळा जगज्जेती आणि दोन मुलांची आई झालेली होती. तरीही लंडनहून ती कांस्य घेऊन आली.

मेरी कोम आंबेडकरी चळवळीतली नाही. तिला ओढून आपल्यात आणायचं आम्हाला कारण नाही. पण तिचं नाव आपल्याविरुद्ध वापरलं जातं, म्हणून बोलावं लागतं. "बघा, तिने गरिबीतून करून दाखवलं, मग तुम्हाला सवलती कशाला?" आमचं उत्तर सरळ आहे. इंफाळला मैदान होतं, शिकवणारे प्रशिक्षक होते, आपल्यातलाच कोणीतरी जिंकलेला डोळ्यांसमोर होता. तिची मेहनत अफाट होतीच, पण मेहनतीला उभं राहायला जागा लागते. जागा न मिळाल्यामुळे ज्या मुली गावातच राहिल्या, त्यांची मोजदाद कोण करतो? मेरिटची भाषा करणारे फक्त पोचलेल्यांकडे बोट दाखवतात.

हे व्यवस्थेला ऐकवणं सोपं आहे. पण त्या बैठकीत व्यवस्था कोण होती? आम्हीच होतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. त्या मापाने आमची बैठक नापास झाली.

ती मुलगी मैत्रिणीचे ग्लोव्हज घेऊन खेळली आणि पहिल्याच लढतीत हरली. तिच्या बाजूने ओरडायला आमच्यातला एकही जण तिथे नव्हता. नंतर आम्ही तिच्या घरी गेलो, माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "दादा, पुढच्या वर्षी पण स्पर्धा आहे."

यंदा डीजे नाही. ते पैसे वस्तीतल्या मुलींच्या खेळासाठी. त्यातून मेरी कोम घडलीच पाहिजे अशी अट आम्ही घातलेली नाही. जिंकून आल्यावर हार घालायला सगळेच येतात. आपल्या पोरींना खेळण्याचा, हरण्याचा आणि पुन्हा रिंगणात उतरण्याचा हक्क आहे. तुमच्या विहारात या वर्षी काय ठरलं? हिशोबाची वही एकदा उघडून बघा.

जय भीम!