मोकळा हात

मराठीत 'झोळी' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. एकीत भिक्षा पडते, दुसरीत मूल झोपते. उसाच्या फडाकडेला बांधलेली झोळी आईचे दोन्ही हात कोयत्यासाठी मोकळे करते. मूल चालू लागले, की झोळी सुटते आणि खांद्यावर पिशवी येते. तिच्यात पाणी, दुपटे, लंगोट, मऊ भाताचा डबा. लिटरभर पाण्याचेच वजन एक किलो. शबनम दिसते देखणी, पण वाकताच घसरते. ती सावरायला हात उठतो आणि मुलाने धरलेले बोट सुटते. भर गर्दीत तेवढा क्षण पुरेसा असतो. म्हणून पट्टा छातीवरून आडवा जाणारा असावा, तोंड एका हाताने उघडावे, ओल्या-कोरड्याचे कप्पे निराळे असावेत.

तरीही कोणत्या कप्प्यात काय आहे हे घरात एकटी आईच जाणत असेल, तर उत्तम पिशवीही तिचेच ओझे राहते. पट्टा लांब-आखूड करता येणारा घ्यावा, म्हणजे वडिलांच्याही खांद्याला ती बसेल. निघण्यापूर्वी ती त्यांनी स्वतः भरली, तर वाटेत दुपटे कुठे आहे हे विचारावे लागणार नाही.