जरा मोठ्यानं वाचा

श्रावण लागला की आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात पोथी लागायची. बहुतेक श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’, एखाद्या वर्षी ‘पांडवप्रताप’. रात्रीची जेवणंखाणं उरकून माणसं यायची, पायरीशी चपला काढायची आणि आपापल्या ठरलेल्या जागी टेकायची. बायका एका अंगाला, पुढ्यात कापूस, हाताला वाती वळायचं काम. एक जण ओवी वाचायचा, शेजारचा तिचा अर्थ सांगायचा. वाचणारे पोस्टातले. आवाज खणखणीत, पण अर्थाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. अर्थ सांगणारे अण्णा शेतकरी. ते गोकुळातल्या गवळणींना थेट आमच्या दूध सोसायटीच्या रांगेत उभं करायचे आणि फॅट कमी लागली म्हणून कंसाकडे तक्रार करायला पाठवायचे. हशा पिकायचा. मग पुढची ओवी.

एका वर्षी ‘पांडवप्रताप’ चालू होता. त्या उन्हाळ्यात गावातल्या आबांचा तरणा मुलगा विहिरीत पोहताना गेला होता. दिवसकार्य झालं, भेटायला येणारे थांबले आणि आबांनी पारावर यायचं सोडलं. पोथीला मात्र यायचे. मागच्या खांबाला टेकून बसायचे. कुणी ‘या’ म्हणायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. अभिमन्यूवधाचा भाग आला तेव्हा अण्णा थबकले. म्हणाले, “आबा, हे उद्या घेऊ का?” आबा म्हणाले, “उद्या तरी काय बदलणार हाय? वाचा.” वाचणाऱ्यांनी वाचलं. अण्णांनी त्या रात्री फारसा अर्थ सांगितला नाही. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले आणि आबाही रडले. सगळ्या गावादेखत, पण अभिमन्यूच्या नावानं.

पुस्तकं माणसाला सुसंस्कृत करतात, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक ग्रंथप्रदर्शनाच्या उद्घाटनात ऐकायला मिळतं. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. भिंतभर पुस्तकं असलेल्या घरातली भावंडं वाटणीसाठी कोर्टात गेलेली मी पाहिली आहेत. पण माणसं एका जागी बसून एकच गोष्ट ऐकतात तेव्हा त्यांच्यात काहीतरी हलतं, एवढं मी नक्की सांगेन. दुःखात असलेल्या माणसाला चार माणसांत यायला निमित्त लागतं. लग्नाला तो येत नाही, सभेला येत नाही आणि ‘मन मोकळं कर’ म्हणणाऱ्याच्या दारात तर मुळीच जात नाही. पोथीनं ही सोय केली होती. सगळ्यांचं लक्ष पोथीकडे, त्यामुळे त्याच्याकडे कुणी टक लावून बघत नाही. आणि तरी तो सगळ्यांत असतो.

हे चित्र गोड आहे म्हणून इथंच थांबता येत नाही. त्या देवळात अख्खं गाव बसत नव्हतं. कुणी कुठं बसायचं हे न सांगता ठरलेलं होतं आणि काही घरांतली माणसं तिथं कधीच दिसली नाहीत. ती का दिसत नाहीत हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला. पोथी ऐकून सगळं गाव एक होत होतं असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. जे आत होते तेवढेच एक होत होते.

ज्यांना आत घेतलं नाही त्यांनी आपली वाचनं उभी केली. आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा, वर्षावासाच्या तीन महिन्यांत महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांतल्या बुद्धविहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. बहुतेक ठिकाणी ग्रंथ एकच: बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. मी अशा एका वाचनाला बसले आहे. पांढरी साडी नेसलेली एक बाई वाचत होती, बोट ओळीवरून फिरवत. अडली की पुढ्यात बसलेली नातवाच्या वयाची पोरं शब्द पुरवत होती आणि त्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. ज्या घरात दोन पिढ्यांमागे अक्षर नव्हतं त्या घरातली बाई सगळ्यांसमोर ग्रंथ वाचते, यात धर्माइतकाच तिच्या ताठ झालेल्या पाठीचाही भाग आहे. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी, दादरला शिवाजी पार्कावर जाऊन या. पुस्तकांच्या स्टॉलांच्या रांगा लागलेल्या असतात. रात्रभर रेल्वेनं आलेली, घरून बांधून आणलेली भाकरी खाणारी माणसं पिशवीतून नोटा काढून पुस्तकं घेतात. साहित्यव्यवहाराची काळजी वाहणाऱ्यांनी हे दृश्य एकदा बघावं, म्हणजे ‘मराठी माणूस पुस्तकं विकत घेत नाही’ हे वाक्य कुणाबद्दल आहे ते तरी कळेल.

लिहिण्याचंही असंच आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेनं १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी मुलीनं आपल्या माणसांचं दुःख कागदावर मांडलं, आणि पुण्यामुंबईतल्या वाचणाऱ्यांना ते वाचावं लागलं. पुढं कितीतरी वर्षांनी फलटणला बेबीताई कांबळे दुकान चालवत होत्या. पुड्या बांधायला आणलेले रद्दी कागद त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या, पण चोरून. नवऱ्याच्या आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या. त्या वह्या वर्षानुवर्षं तशाच पडून होत्या. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना त्यांचा सुगावा लागला, त्यांनी छापण्याचा आग्रह धरला आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं आलं. आत्मचरित्र म्हणून हातात घेतलेल्या या पुस्तकात बेबीताईंपेक्षा त्यांचा महारवाडा जास्त आहे: तिथल्या बाळंतिणी, तिथली भूक, सासुरवास, जत्रा. मला कायम वाटतं की बर्नसनबाई भेटल्या नसत्या तर त्या वह्या कुठल्यातरी ट्रंकेत कसरीनं खाल्ल्या असत्या. लिहिणाऱ्याचं कौतुक आपण करतो. ‘हे काय लिहिलंयस, बघू’ म्हणणारा माणूस त्याहून दुर्मीळ आहे.

आमच्या आजीच्या पिढीला वही लपवायची गरज पडली नाही, कारण तिच्याकडे जातं होतं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपण कुठंही वापरतो. ती मुळात अक्षरशः खरी होती. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात. एकीनं ओळ सोडली की दुसरी ती उचलून पुढं न्यायची. सासू, नणंद, दूरचं माहेर, मेलेलं मूल, सगळं त्या ओव्यांत आलं. घरात तोंडावर बोलता आलं नसतं ते दळणाच्या घरघरीत म्हणता येई, आणि कुणी विचारलंच तर ‘ओवी आहे’ म्हणून सुटका. हेमा रायरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढं पिठाची गिरणी आली. बाईची कंबर सुटली, त्याबद्दल गिरणीचे उपकारच मानले पाहिजेत. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. पण गिरणीत पीठ होऊन येतं आणि ओवी होत नाही, हेही तितकंच खरं. पहाटेची ती समोर बसणारी बाई गेली, तिच्या जागी कोण आलं?

आता शास्त्रानंही यात लक्ष घातलं आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या मोठ्या आघाताबद्दल लिहायला सांगितलं. लिहून उठल्यावर मुलं आधी आणखी उदासच झाली. पण पुढच्या काही महिन्यांत, प्रसंग आणि त्यामुळे झालेली मनाची अवस्था दोन्ही लिहिणारी मुलं दवाखान्यात कमी वेळा गेली. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले आणि सगळे एकत्र करून पाहिल्यावर निष्कर्ष निघाला तो असा की फायदा होतो, पण थोडा. मला हे ‘थोडा’ आवडलं. लेखनानं सगळं बरं होतं असं सांगणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती हल्ली फार येतात. वही म्हणजे औषध नव्हे, आणि ज्याची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे त्याला डायरी भेट देण्यापेक्षा डॉक्टरकडे न्यावं.

पण त्या मुलांनी एकेकट्यानं बसून लिहिलं होतं, कागद कुणी वाचून दाखवायचा नव्हता. मी ज्याबद्दल बोलते आहे ते याच्या पुढचं आहे: लिहिलेलं कुणीतरी ऐकणं. आणि ऐकणारे मिळणं सोपं नाही. आमची कविसंमेलनंच बघा ना. व्यासपीठावर वीस कवी, समोर पंचवीस श्रोते, त्यांतले पंधरा पुढच्या सत्रातले कवी. जो तो आपला कागद मांडीवर घेऊन नंबराची वाट बघतो, आणि आपली कविता झाली की पाणी प्यायला म्हणून जातो तो परत येत नाही.

ऐकणं कसं घडतं ते मला एका अभ्यासिकेत बघायला मिळालं. पुण्यातल्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या अशा कितीतरी अभ्यासिका आहेत. प्लायवूडचे आडपडदे लावलेली टेबलं, प्रत्येक टेबलावर नंबर, लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेवरचं पुस्तक आणि चालू घडामोडींचे अंक, पाण्याची बाटली, चार्जर. मुलं सकाळी येतात, रात्री उठतात. अशी अभ्यासिका चालवणाऱ्या एका वाचनालयाच्या ग्रंथपालबाई माझ्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, “ही पोरं वर्षभर शेजारी बसतात आणि एकमेकांना नावानं ओळखत नाहीत हो. तुम्ही शनिवारी येऊन काहीतरी वाचून दाखवा.” मी एक कथा वाचली. पहिल्यांदा निम्मे जण मोबाइल बघत होते. मग प्रत्येकाला अर्धं पान लिहायला सांगितलं: काल घरी फोनवर काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही.

परभणीकडचा एक मुलगा उभा राहिला. त्यानं लिहिलं होतं: आईला सांगितलं की जेवलो. मेस बंद होती, वडापाव खाल्ला होता. वडिलांना सोयाबीनला काय भाव लागला ते विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढं पैसे मागता आले नसते. मागून कुणीतरी हसलं आणि म्हणालं, “अरे, मी पण हेच सांगतो, जेवलो म्हणून.” मग एका मुलीनं वाचलं की घरचे ‘हा शेवटचा अटेम्प्ट’ असं म्हणतात, पण ते मागच्या वर्षीही म्हणाले होते, आणि ती फोनवर दोन्ही वेळा सारख्याच आवाजात ‘हो’ म्हणाली. असं करत सगळ्यांनी वाचलं. बाहेर चहाच्या टपरीवर परभणीच्या मुलाला दुसरा म्हणाला, “तू एक्केचाळीसला बसतोस ना? मी बेचाळीस.”

त्या शनिवारांमुळे कुणी परीक्षा पास झालं असा दावा मी करणार नाही. जागा मोजक्या आणि मुलं लाखांनी, त्यात बहुतेकांच्या पदरी निराशाच येते, आणि त्या निराशेचं खापर मुलांच्या मनोबलावर फोडणाऱ्यांत मला जायचं नाही. भरतीच्या तारखा वेळेवर लागल्या तर कुठल्याही लेखनवर्गापेक्षा जास्त गुण येईल. फरक पडला तो एवढाच, की बेचाळीस नंबरला ताप आला तेव्हा त्याच्या खोलीवर कुणीतरी डबा घेऊन गेलं.

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती हे मोजलं जातं. तिथं कुणी कुणाला काही वाचून दाखवलं का, हे विचारणारा रकाना माझ्या तरी पाहण्यात नाही. ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांचे पगार ऐकून तर मान खाली जाते, आणि त्यांच्याकडून आणखी काही अपेक्षा करायची लाज वाटते. तरीही गावात जात न विचारता, काही विकत न घेता, फुकट बसता येईल अशी जागा वाचनालयाइतकी दुसरी मला माहीत नाही.

म्हणून गावोगावच्या वाचनालयांच्या संचालक मंडळांना एक विनंती आहे. आठवड्यातून एक तास ‘शांतता राखा’ची पाटी उतरवून ठेवा. सतरंजी घाला, खुर्च्या नकोत. खुर्च्या आल्या की पाहुणे येतात, पाहुणे आले की सत्कार येतो. एकानं वीस मिनिटं मोठ्यानं वाचावं, मग ज्याला हवं त्यानं अर्धं पान लिहावं, ज्याला नको त्यानं नुसतं बसावं. नुसतं बसणाऱ्याला काही विचारू नका. चहाचा खर्च वर्गणीतून निघेल. वाचायला शहरातून लेखक बोलावू नका, मलाही नको. तुमच्याच गावात पोस्टातून निवृत्त झालेलं, खणखणीत आवाजाचं कुणीतरी घरी रिकामं बसलेलं असेल, त्यांना निरोप धाडा.