दोन लोकलच्या मध्ये

मुलुंड, सोमवार रात्री

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

विदर्भ एक्सप्रेस वेळेवर होती. ठाण्याला उतरून स्लो लोकलने मुलुंडला आले. आईने दिलेल्या भरताच्या वांग्यांतलं एकही दबलं नाही. मावशीने पिशवी उघडली आणि देठ पाहूनच 'ही बामणोदची' असं सांगून टाकलं. बँकेने मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली अशा चार शाखांची तपासणी माझ्या गळ्यात घातली आहे, म्हणजे आता मी मध्य रेल्वे, मेट्रो आणि पश्चिम रेल्वे अशा तिघांचीही पाहुणी.

निघताना तुम्ही बजावलंत, 'स्टेशनवरचं काही खायचं नाही.' उभी हयात गार्डाच्या डब्यात काढलेल्या आणि कुठल्या फलाटावर काय चांगलं मिळतं ते तोंडपाठ असलेल्या माणसाने हे सांगावं! (आता गार्ड म्हणायचं नाही, 2022 पासून 'ट्रेन मॅनेजर'. तुम्हाला ते अजून पचलेलं नाही, ठाऊक आहे.) तेव्हा आज्ञा मोडून काय काय खाल्लं त्याचा हिशेब इथून रीतसर पाठवत जाईन. फोनवर सांगितलं तर तुम्ही मध्येच तोडाल, म्हणून पत्र.

पहिली नोंद अशी, की आपल्याकडचं स्टेशनवरचं खाणं आणि इथलं खाणं यांचं गोत्रच वेगळं. आपल्याकडे गाडी थांबते म्हणून खाणं असतं. कर्जतला घाट चढायला मागून बँकर इंजिनं लागायची, तेवढ्या वेळात दिवाडकरांचे वडे खपले. शेगावची कचोरी खिडकीतून आत येते. गिऱ्हाईक बसलेलं आणि विकणारा पळणारा. इथे नेमकं उलटं. लोकल जेमतेम अर्धं मिनिट उभी राहते. तेवढ्यात शंभर माणसं उतरणार, शंभर चढणार. कुणी किटली घेऊन दाराशी आलाच तर किटलीसकट कळव्याला पोहोचेल. म्हणून विकणारा जागचा हलत नाही आणि पळत येतं ते गिऱ्हाईक. खायचं ते इंडिकेटरवर दिसणाऱ्या मिनिटांत. स्टॉलवर काय ठेवायचं हे आचारी ठरवत नाही, टाइमटेबल ठरवतं.

सकाळी मुद्दाम एका चहाच्या स्टॉलशी थांबले. गर्दीच्या वेळी तो मागणीची वाटच बघत नाही. इंडिकेटरवर सीएसएमटीची गाडी दोन मिनिटांवर आली, की कागदी कप ओळीने मांडतो आणि पिंपाच्या तोटीखाली एकेक धरून पाऊण भरून ठेवतो. पूर्ण भरत नाही. पूर्ण भरलेला कप घेऊन पळता येत नाही. चहा गोडमिट्ट, आल्याचा ठसका घशात राहणारा. तुम्हाला आवडला असता, आईने ओतून दिला असता.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी याच वाटेने गेली. त्या दिवशी इथल्या घराघरांत चहा ही चीजच नव्हती. आपल्या लोकांना त्याची चटक लावली ती पुढे चहा-मळेवाल्यांनी, आणि त्यासाठी जागा निवडली ती स्टेशनांची. चहा कसा करावा याची कृती लिहिलेले फलक स्टेशनांवर लावले होते. ते फलक गेले, चटक राहिली.

कळावे. आईला नमस्कार.
वैशू


अंधेरी, गुरुवार

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मुलुंडहून अंधेरीला जायचं तर घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो. 8 जून 2014 ला ही मेट्रो सुरू झाली. वर्सोवा ते घाटकोपर, 11.4 किलोमीटर, 12 स्टेशनं. पूर्वी हाच प्रवास बसने म्हणजे अर्धा दिवस वाया, असं मावशी सांगते. अंधेरीला पश्चिम रेल्वे, हार्बर आणि मेट्रो एकाच जागी मिळतात. पुलावर आपण चालत नाही, आपल्याला चालवलं जातं.

आज वडापाव खाल्ला. हो, फलाटावरच. रागवण्याआधी पुढचं वाचा.

मी पाहिलेल्या स्टॉलवर तळण नव्हतंच. वडे बाहेरून तळून क्रेटमधून येत होते, वाफ अजून निघत होती. स्टॉलवरच्या पोराचे हात मात्र बघत राहण्यासारखे. लादीतून पाव सुटा करायचा, कडेला चीर द्यायची, सुकी लाल चटणी चिमटीने आत, वडा ठेवला की तळव्याने एक दाब आणि कागदात. खरी मेख त्या दाबात आहे. न दाबलेला वडा पहिल्या घासालाच बाहेर पडतो, आणि खाली वाकून काही उचलावं इतकी जागा अंधेरीच्या फलाटावर संध्याकाळी सहाला मिळत नाही. तळलेली मिरची मागितली तरच, कागदाच्या दुमडीत खोचून. एका हातात पर्स, दुसऱ्यात हा. ताटली नाही, चमचा नाही, रस्सा नाही. आपली मिसळ चवीला सरस असेल, पण तिला टेबल लागतं, त्यामुळे ती इथे बाद.

अशोक वैद्य यांनी 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेर वडा पहिल्यांदा पावात घातला, असं सांगतात. स्टेशनच्या दारातच हे व्हायचं होतं. 2001 मध्ये 'जम्बोकिंग' ही वडापावची साखळी निघाली तीही मालाड स्टेशन धरूनच.

स्टॉलवर एक पाटी होती: बिल दिलं नाही तर पदार्थ फुकट. रेल्वेनेच हे धोरण आणलं. माझ्यातली ऑडिटर सुखावली आणि कोण बिल मागतंय ते बघत बाजूला उभी राहिली. कुणी नाही. बिल छापून हातात पडेपर्यंत विरार निघून जाते, आणि दहा-वीस रुपयांच्या फुकट खाण्यासाठी विरार सोडणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्याऐवजी सगळे क्यूआर कोडसमोर फोन धरतात आणि पळतात. पैसे आल्याची घोषणा करणारं ते यंत्र मागाहून बोलतं. तोवर पैसे देणारा गाडीत चढून जोगेश्वरीच्या वाटेला लागलेला असतो. सुट्ट्यांवरून होणारी ती जुनी हुज्जत मात्र संपली. बडीशेपेच्या गोळ्या सुट्ट्यांऐवजी हातात ठेवणारे दुकानदारही गेले, बरं झालं.

अंधेरीच्या शेजारचं स्टेशन विलेपार्ले. पार्लेचा तिथला कारखाना 1929 चा, 2016 मध्ये बंद झाला. स्टेशन जवळ आलं की डोळे मिटूनही कळायचं, असं जुने प्रवासी सांगतात. बिस्किटं भाजल्याचा वास डब्यात शिरायचा. पार्ले-जीचा पुडा आजही प्रत्येक स्टॉलवर आहे.

वैशू


बोरिवली, मंगळवार

ती. आईस,
सा. न.

बाबांना दोन पत्रं आणि मला एकही नाही, असं फोनवर म्हणालीस म्हणून हे खास तुझं.

बोरिवली म्हणजे निम्मं आपल्यासारखं स्टेशन. गुजरातकडच्या लांबच्या गाड्या इथे थांबतात. त्यामुळे एका बाकावर थेपल्यांचा डबा उघडून ऐसपैस बसलेलं कुटुंब, आणि त्यांच्या मागून उभ्या-उभ्या समोसा तोंडात कोंबून धावणारे ऑफिसवाले. पहिली एसी लोकल इथूनच चर्चगेटला सुटली, 25 डिसेंबर 2017 ला. तिची दारं आपोआप बंद होतात. साध्या लोकलला अर्धा वडा हातात धरूनही लटकता येतं. एसीत तो लाड नाही, म्हणून तिचे प्रवासी शेवटचा घास लवकर आवरतात, असं मला वाटलं. पडताळून पाहिलेलं नाही, ऑडिट रिपोर्टात लिहिणार नाही.

तुला सांगायचं ते नीरेबद्दल. सकाळी एका छोट्या स्टॉलवर थंडगार नीरा मिळाली. ताडा-शिंदीचा हा रस रात्रभर मडक्यात जमतो, पहाटे उतरवतात. गार ठेवला तर गोड, ऊन लागलं की आंबायला लागतो आणि दुपारपर्यंत त्याची ताडी होते. म्हणून विकायला परवाना लागतो, आणि तो दारूबंदीच्या 1949 च्या कायद्याखाली! डहाणू-पालघरकडे ही झाडं पुष्कळ. खादी ग्रामोद्योग आयोगाने 2020 मध्ये डहाणूला नीरा आणि ताडगुळाचा उपक्रम काढला होता. चव सांगू? शहाळ्याहून गोड, उसाहून हलकी, आणि मागे किंचित धुराचा वास. दुसरा ग्लास मागितला तर म्हणाला, 'ताई, दहानंतर याल तर नाही मिळणार, आत्ताच प्या.' प्यायले.

रविवारी मावशीच्या सोनलने सीएसएमटीला नेलं. तिथे जुन्या डब्याचं हॉटेल केलंय, ऑक्टोबर 2021 पासून. खिडकीपाशी बसून डोसा खायचा, गाडी काही सुटत नाही. मुंबईत बसायला डबा मिळावा म्हणून माणसं जादा पैसे मोजतात हे ठीक, पण न सुटणाऱ्या डब्यासाठीही मोजतात! सोनलला फार आवडलं. मला डोसा बरा वाटला.

गोळ्या वेळेवर घे.
वैशू


घाटकोपर, शनिवार

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. 'पाणी कुठलं पितेस ते लिहिलं नाहीस' हा आक्षेप मान्य. घरून भरून नेते. एकदा संपलं तेव्हा रेल नीर घेतलं, एक लिटर 14 रुपये. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी उतरला तेव्हा 15 वरून एक रुपया खाली आलं.

लिंबू सरबताला हात लावलेला नाही. कुर्ल्याच्या स्टॉलवर टपावर बसून पाण्याच्या टाकीत हात घालून सरबत करतानाचा व्हिडिओ 2019 च्या मार्चमध्ये फिरला होता, आठवत असेल. मध्य रेल्वेने त्यानंतर फलाटांवर उघड्यावर केलेली लिंबू, संत्रं, कालाखट्टा ही सरबतं बंदच केली. हजारो लोक रोज पीत होते आणि कुणालाही वर बघायला फुरसत नव्हती. घाई फक्त पदार्थ ठरवत नाही, ती विश्वासही ठेवायला लावते, आणि तो कधी कधी असा महागात पडतो.

पाण्याचा विषय काढलात म्हणून. तुमचे आजोबा सांगायचे ना, स्टेशनवर 'हिंदू पानी', 'मुसलमान पानी' अशा आरोळ्या व्हायच्या. त्याहून वाईट ते बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहून ठेवलंय. 1901 साली नऊ-दहा वर्षांचा मुलगा, घरच्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून गाडीने मसूर स्टेशनवर उतरतो, न्यायला वडील आलेले नसतात. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटतो. शेवटी एक बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार होतो, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. सोबत डबा भरपूर, पण रात्रभर पाणी कुणी देईना, म्हणून जेवणही तसंच राहतं. काल घाटकोपरच्या फलाटावर एका स्टीलच्या नळाला रांग होती. पुढच्याने बाटली भरली, मागच्याने ओंजळ धरली, त्यामागची शाळकरी मुलगी थेट तोंड लावून प्यायली. कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. इथल्या माणसाला दुसऱ्याची जात विचारायला वेळ नाही असं मी म्हणणार नाही. घर भाड्याने बघायला गेलं की तो वेळ बरोबर काढतात. पण फलाटावर, चहाच्या कपापुरता, तो काढत नाहीत.

मेट्रोच्या स्टेशनात कॅफे आहे. एसी, गुबगुबीत खुर्च्या, एका कॉफीच्या भावात खाली दहा-बारा चहा. दोन मुलं लॅपटॉप उघडून बसली होती. काचेपलीकडून लोंढा खाली लोकलकडे धावत होता आणि आत एकाचंही घड्याळाकडे लक्ष नव्हतं. नाक मुरडणार होते, पण खरं सांगते, दिवसभराच्या उभेपणानंतर पाठ टेकल्यावर बरं वाटलं. खालच्या स्टॉलवर बसायची सोय नसते. गुडघे दुखणाऱ्या बाईने तिथे चहा प्यायचा तरी कसा? आई इथे आली तर मी तिला वरच नेईन.

संध्याकाळी मात्र खालच्या स्टॉलवरच गेले. गर्दी जरा ओसरली होती. मालक गल्ल्याला हात न लावता आधी उरलेले कागदी कप मोजत होता, पन्नास-पन्नासच्या थप्प्या लावून. सकाळी किती आणले, किती उरले, फाटके बाजूला. म्हणजे किती चहा गेले ते कळतं. मग रोख आणि फोनवरचे पैसे मिळून तेवढे भरले की नाही ते बघायचं. पोरांनी पैसे इकडेतिकडे केले तरी कप खोटं बोलत नाहीत, म्हणाला. माझ्या शाखेत इतका सोपा ताळा कुणी घालत नाही. मी बँकेत तपासणी करते म्हटल्यावर त्याने चहा दिला, पैसे घ्यायला तयार होईना. फार आग्रह केला तरी नाहीच. फक्त मी पिऊन झाल्यावर माझा रिकामा कप मागून घेतला आणि फाटक्यांच्या थप्पीवर ठेवला, हिशेबात यायला हवा म्हणून.

कळावे, लोभ असावा.
तुमची,
वैशू