हिल टॉप : सुट्टीसाठी घेतलेल्या एका जुन्या घराची गोष्ट

१/
इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात डोंगर आणि तळ्यांचा एक प्रदेश आहे. त्याचे नावच लेक डिस्ट्रिक्ट. तिथल्या निअर सॉरी नावाच्या खेड्यात १९०५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर एका शेतघराचे खरेदीखत झाले. घर सतराव्या शतकातले, सोबत ३४ एकर जमीन. खरेदीदार लंडनची, ३९ वर्षांची, अविवाहित, शेतीचा अनुभव नसलेली. गावाला हा व्यवहार म्हणजे एक विनोदच वाटला. घराचे नाव हिल टॉप. खरेदीदाराचे नाव बीट्रिक्स पॉटर.

२/
पीटर रॅबिट या सशाची निर्माती म्हणून हे नाव जगाला ठाऊक आहे. १८९३ मध्ये एका आजारी मुलाला रमवण्यासाठी तिने सचित्र पत्र लिहिले, त्यातून ती गोष्ट जन्मली. प्रकाशक मिळेना, म्हणून १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनीने ते पुस्तक काढले आणि त्याचा खप वाढतच गेला. हिल टॉप विकत घेतले गेले ते या पुस्तकांच्या मानधनातून. त्यात वारशाने आलेल्या थोड्या रकमेची भर पडली.

३/
सुट्टीसाठी डोंगरात घर असणे ही त्या काळी नवलाईची गोष्ट नव्हती. १८४७ मध्ये रेल्वे विंडरमिअर तळ्याजवळ पोचली. त्याआधी कवी वर्ड्‌स्वर्थने या रेल्वेला जाहीर विरोध केला होता, पण गाडी आलीच. तिच्यामागून लँकेशायरचे गिरणीमालक आले आणि तळ्याकाठी बंगले उभे राहिले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मँचेस्टरच्या एका मद्यउत्पादकासाठी बेली स्कॉट या वास्तुशिल्पीने बांधलेले ब्लॅकवेल हे याच परंपरेतले घर. पॉटर कुटुंबही उन्हाळ्यात मोठमोठी घरे भाड्याने घेऊन याच प्रदेशात येत असे.

४/
तेव्हा हिल टॉपचे वेगळेपण सुट्टीत नाही. धनिकांचे रीतसर मार्ग दोन होते : भाड्याने वाडा घ्यावा किंवा तळ्याकाठी नवा बंगला बांधावा. बीट्रिक्सने निवडले ते शेणामातीच्या अंगणाचे, डुकरे आणि गाई असलेले, उंदरांनी पोखरलेले चालू शेत. शिवाय ते वडिलांच्या पैशातून आलेले नव्हते. त्या एका वाक्यात या खरेदीचे सारे मर्म आहे.

५/
कायद्याची तिला आडकाठी नव्हती. इंग्लंडमध्ये अविवाहित प्रौढ स्त्रीला स्वतःच्या नावावर जमीन ठेवता येत असे. विवाहित स्त्रियांचा मालमत्तेवरील हक्क १८८२ च्या कायद्याने मान्य केला होता. आडकाठी घरातून होती. केन्सिंग्टनमधल्या संपन्न कुटुंबातील अविवाहित मुलीने आईवडिलांचे घर सांभाळावे, त्यांच्या आजारपणात आणि प्रवासात सोबत राहावे, ही अपेक्षा कुठल्याही अधिनियमात लिहिलेली नव्हती. म्हणूनच ती मोडणे अधिक अवघड होते.

६/
या खरेदीच्या मागे एक मृत्यू आहे. २५ जुलै १९०५ रोजी तिचा संपादक नॉर्मन वॉर्न याने पत्राने लग्नाची मागणी घातली आणि तिने ती स्वीकारली. आईवडिलांनी विरोध केला : वर ‘धंद्यातला’ माणूस! पॉटर घराण्याची स्वतःची श्रीमंती कापडछपाईच्या धंद्यातूनच आली होती, याचा त्यांना विसर पडला असावा. बरोबर एका महिन्याने, २५ ऑगस्टला, रक्ताच्या कर्करोगाने नॉर्मन गेला. वय ३७. वाङ्‌निश्चय जाहीरही झाला नव्हता. त्यामुळे दुःखही जाहीर करता येईना.

७/
पुढच्या काही आठवड्यांत हिल टॉपचा व्यवहार पूर्ण झाला. दुःखातून पळण्यासाठी घर घेतले, असे सोपे विधान अनेकदा केले जाते. पण जुने घर कोणाला पळू देत नाही. ते रोज नवे प्रश्न विचारते : कुठे गळते, काय कुजले, कोणता दरवाजा बसत नाही, गवंड्याला कधी बोलवायचे. शोकाकुल माणसाला या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात आणि उत्तरे देता देता दिवस सरतो. हिल टॉपने तिला दिली असेल तर ती ही सक्तीची व्यग्रता.

८/
आता घराकडे पाहू. या भागातली जुनी शेतघरे स्थानिक दगडाची, स्लेटच्या छपराची. भिंती जाडजूड, बाहेरून चुना आणि बारीक खडी यांचा खडबडीत गिलावा. पाऊस या प्रदेशाच्या पाचवीलाच पुजलेला. चुन्याचा गिलावा थोडे पाणी शोषतो आणि कोरड्या हवेत ते बाहेर सोडतो. त्यामुळे भिंत ओली झाली तरी पुन्हा सुकते. अशा भिंतीला पुढे कुणी सिमेंट थापले की आतली ओल आतच कोंडते. जुन्या घराची दुरुस्ती ही अशी परीक्षा असते : मजबुती म्हणून केलेले कामच कधी घाताचे ठरते.

९/
दुरुस्ती कशी करावी, यावर तेव्हा इंग्लंडमध्ये वैचारिक वाद जुंपलेला होता. जीर्णोद्धाराच्या नावाखाली मध्ययुगीन चर्चे खरवडून ‘मूळ रूपात’ आणण्याची लाट आली होती. तिच्या विरोधात विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी एक संस्था स्थापली. तिचे सूत्र साधे होते : वास्तूला कल्पित भूतकाळात नेऊ नका, तिची नित्य निगा राखा आणि नवे काम करावे लागलेच तर ते नवे म्हणून ओळखू येऊ द्या.

१०/
बीट्रिक्सने हे सूत्र समोर ठेवून काम केले, असा दावा करण्याचे कारण नाही. पण हिल टॉपमध्ये जे घडले ते या सूत्राशी जुळते. घर विकत घेतले तेव्हा त्यात जॉन कॅनन नावाचे कूळ बायकोमुलांसह राहत होते. शेत तोच सांभाळत असे. नव्या मालकिणीपुढे प्रश्न होता : घर स्वतःला हवे, मग कॅनन कुटुंबाचे काय? रीतीप्रमाणे उत्तर एकच होते. कुळाने बिऱ्हाड आवरावे आणि वाट धरावी.

११/
तिने कॅनन कुटुंबाला ठेवून घेतले. १९०६ मध्ये घराला लागून एक नवी बाजू बांधली गेली. कूळ तिकडे राहायला गेले आणि जुना भाग तिने स्वतःकडे ठेवला. नव्या भिंतीवर तिची आद्याक्षरे आणि १९०६ हे साल असलेली पाटी बसवली गेली. ती आजही वाचता येते. जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे त्या पाटीमुळे शंभर वर्षांनंतरच्या माणसालाही कळते.

१२/
यात निव्वळ औदार्य होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तिला लंडन सोडता येत नव्हते. सुरुवातीच्या काळात वर्षभरात मिळून जेमतेम काही आठवडे तिला हिल टॉपला काढता येत. मालक दूर असताना शेत आणि जनावरे सांभाळणारा जाणता माणूस जागेवर हवाच होता. पण गरज दोघांची होती, हे ओळखून त्याप्रमाणे घराचा आराखडा बदलणे ही गोष्ट उरतेच. आपल्या सुट्टीसाठी दुसऱ्याचे छप्पर काढून घ्यायचे नाही, एवढा हिशेब तिने विटा-दगडांत मांडला.

१३/
मग उंदीर. ते झुंडीने होते आणि हटत नव्हते. दरवाजांच्या खालच्या कडांना जस्ताचे पत्रे ठोकले गेले, भिंतींच्या तळाशी सिमेंटची पट्टी फिरवली गेली. चार-पाच मांजरे आणावीत, असा शांत तोडगा कॅननच्या पत्नीने सुचवला. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेली सॅम्युअल व्हिस्कर्स या उंदराची गोष्ट याच लढाईतून निघाली. घर दुरुस्त करणाऱ्याच्या हालांचे इतके खेळकर रूपांतर क्वचितच झाले असेल.

१४/
इतिहासाच्या अभ्यासकाला इथे एक वेगळेच साधन सापडते. टॉम किटन (१९०७), जेमिमा पडल-डक (१९०८) आणि सॅम्युअल व्हिस्कर्स या पुस्तकांतल्या चित्रांत हिल टॉपचा जिना, चूल, कपाट, बागेचे फाटक आणि अंगण दिसते. जेमिमाच्या चित्रांत तर कॅनन यांची पत्नी आणि मुलेही आहेत. हा पुरावा डोळे मिटून घ्यायचा नसतो. चित्रकार रचनेसाठी वस्तू सरकवतो, गाळतो. पण एका साध्या शेतघराची अंतर्बाह्य नोंद त्याच्याच मालकिणीने करून ठेवावी, हे दुर्मीळच.

१५/
बाग तिने हळूहळू उभी केली. शेजारीपाजारी रोपे देत गेले. चोरलेले रोप हमखास जगते, असे गावातल्या एका बाईने सांगितले, तेव्हा कचऱ्याच्या ढिगात जाळण्यासाठी टाकलेले एक रोप तिने गुपचूप उचलून आणल्याचे तिच्या पत्रात आले आहे. घरात मांडलेले ओकचे जुने फर्निचर तिने आसपासच्या शेतघरांच्या लिलावांतून जमवले. विनोद म्हणून पाहिली गेलेली बाई रोपांच्या आणि लिलावांच्या वाटेने गावाच्या ओळखीची झाली.

१६/
१९०९ मध्ये तिने समोरचे कॅसल फार्म घेतले. जमिनीची कागदपत्रे जवळच्या हॉक्सहेडचा वकील विल्यम हीलिस पाहत असे. १५ ऑक्टोबर १९१३ रोजी दोघांचे लग्न झाले. ती ४७ वर्षांची होती. आईवडिलांना खेड्यातला वकीलही पसंत नव्हता, पण या वेळी ती थांबली नाही. आता तिच्या पायाखाली स्वतःची जमीन होती. दाम्पत्याने बिऱ्हाड मांडले कॅसल कॉटेजमध्ये. म्हणजे ज्या घरासाठी एवढा खटाटोप केला, त्या हिल टॉपमध्ये ती कायमची कधी राहिलीच नाही. ते तिने लिहिण्या-रंगवण्यासाठी आणि पाहुण्यांसाठी जसेच्या तसे राखले.

१७/
पुढची तीस वर्षे पुस्तके मागे पडत गेली आणि मेंढ्या पुढे आल्या. या डोंगरांवरची हर्डविक जात काटक. ती आपला डोंगर ओळखते आणि कुंपणाशिवाय तिथेच चरते. हे ज्ञान मेंढी आपल्या कोकराला देते. म्हणून शेत विकताना कळप वेगळा विकला गेला, तर पिढ्यांची ती सवय तुटते. १९२३ मध्ये तिने ट्राउटबेक पार्क हे मोठे डोंगरी शेत घेतले आणि तिथे हर्डविकचा कळप सावरला. १९४३ मध्ये हर्डविक पैदासकारांच्या संघटनेने तिची अध्यक्षपदी निवड केली. पद स्वीकारण्याआधीच ती गेली.

१८/
१९३० मध्ये मंक कॉनिस्टनची विस्तीर्ण मालमत्ता विक्रीला निघाली. तुकडे पडून तिथे बंगले उठण्याचा धोका होता. तिने ती संपूर्ण घेतली आणि अर्धी जमीन घेतल्या भावात नॅशनल ट्रस्टला दिली. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या तीन संस्थापकांपैकी एक, कॅनन हार्डविक रॉन्सली, तिच्या किशोरवयापासूनचा कुटुंबस्नेही. (इथला ‘कॅनन’ हा धर्मपदाचा किताब आहे, कूळ जॉन कॅननशी त्याचा संबंध नाही.) २२ डिसेंबर १९४३ रोजी तिचे निधन झाले. ४,००० एकरांहून अधिक जमीन आणि १४ शेते मृत्युपत्राने ट्रस्टकडे गेली. डोंगरी शेतांवरचे कळप शुद्ध हर्डविकच राहावेत, ही अपेक्षा त्यात होती.

१९/
१९४६ मध्ये हिल टॉप लोकांसाठी खुले झाले. २०१७ मध्ये लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्यात डोंगरी मेंढपाळीच्या परंपरेचा वाटा मोठा आहे. पण या यशाला दुसरी बाजू आहे. निसर्ग सुंदर, खेडी देखणी, म्हणून शहरातला पैसा सुट्टीच्या घरांकडे वळला. काही खेड्यांत घरांना कुलपे असतात आणि तिथेच जन्मलेल्या तरुणांना घर परवडत नाही. तिथल्या बोलीत बाहेरून आलेल्याला ‘ऑफकमर’ म्हणतात, म्हणजे उपरा. बीट्रिक्सही ऑफकमरच होती. गिरणीच्या पैशावर वाढलेली, पुस्तकाच्या पैशावर जमीन घेणारी.

२०/
म्हणून हिल टॉपची गोष्ट आदर्शकथा म्हणून वाचू नये. एका श्रीमंत बाईने अनेक शेते घेतली, हेही तिचे एक खरे वर्णन आहे. तरी जुन्या घराला हात लावण्यापूर्वी विचारण्याजोगा प्रश्न ती सोडून गेली आहे : या घरावर, या जमिनीवर आधीपासून कोणाचे आयुष्य उभे आहे, आणि दुरुस्तीनंतर ते उभे राहील का? १९०६ ची नवी बाजू, ट्राउटबेकचा कळप, मृत्युपत्रातली हर्डविकची अट, ही त्या एकाच प्रश्नाची तीन उत्तरे.

२१/
आज हिल टॉपमध्ये प्रवेश वेळ ठरवलेल्या तिकिटाने मिळतो. लोक चूल पाहतात, जिना पाहतात, पुस्तक उघडून चित्राशी ताडून पाहतात. मालकिणीची रक्षा मात्र घरात नाही. तिच्या इच्छेनुसार हिल टॉपचा मेंढपाळ टॉम स्टोरी याने ती जवळच्या रानात विखुरली. जागा कुठली, हे गावाला सांगायचे नाही असे ठरले होते. आणि त्याने ते सांगितले नाही.