पूर्वपक्ष ऐकणारा माणूस

वकिलीच्या धंद्यात आम्हाला एक खोड जडली आहे: प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकायचे ते केवळ खोडून काढण्यासाठी. ही खोड मनाला बोचू लागली की अमेरिकेतील बॉस्टनचे डेव्हिड ब्रुडनॉय आठवतात.

इतिहासाचे हे पंडित १९७६ साली नभोवाणीवर आले आणि १९८६ पासून डब्ल्यूबीझेड केंद्रावरून रात्री श्रोत्यांशी दूरध्वनीवर वाद करू लागले. त्यांचा पक्ष एकच: व्यक्तीच्या खाजगी जीवनात सरकारने ढवळाढवळ करू नये. मात्र विरोधकालाही ते पुरते बोलू देत. १९९० साली केंद्राने त्यांचा कार्यक्रम काढून टाकला, तेव्हा श्रोत्यांनी निषेध करून तो परत आणविला.

खरी कसोटी पुढेच होती. १९९४ साली ते मृत्यूच्या दारातून परतले. पण एड्सचा आजार आणि समलिंगी जीवन जगजाहीर झाले. खाजगीपणाच्या कैवाऱ्याचेच खाजगी जीवन चव्हाट्यावर आले! त्यांनी मान खाली घातली नाही. १९९५ साली ते पुन्हा ध्वनिक्षेपकासमोर बसले. श्रोत्यांनीही पाठ फिरविली नाही. डिसेंबर २००४ मध्ये मृत्युशय्येवरून त्यांनी श्रोत्यांचा निरोप घेतला तो नभोवाणीवरूनच.

त्यांचे सारे मत आम्हाला मान्य नाही. कायद्यावाचून दुबळ्याला आधार कोणाचा? परंतु पूर्वपक्ष आदराने ऐकावा, ही आपल्या शास्त्रकारांची रीत त्या परमुलखातील माणसाने पाळली. उद्या न्यायालयात ती आम्हाला साधेल काय?